रस्त्याचा जावई

"बाबा, हात काढा तिथून," मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली.

"अगं, नुसता ठेवलाय."

"तुमचा नुसता ठेवलेला हातही वाजतो. काढा."

पायलटने हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला. गाडी अजून परीक्षा कचेरीच्या आवारातच उभी होती, इंजिनही बंद होतं, तरी त्याच्या तळहाताला घाम फुटला होता. पायलट हे त्याला बसडेपोतल्या मंडळींनी दिलेलं नाव. मायदेशी सव्वीस वर्षं त्याने बस चालवली, आणि तिची चाकं रस्त्याला टेकतात की नाही यावर डेपोत वाद होत. तोच माणूस आता मुलीच्या देशात, मुलीच्या टीचभर गाडीत, लायसन्ससाठी तिसऱ्यांदा परीक्षेला बसला होता.

पहिल्यांदा तो नापास झाला, कारण त्याने एका सायकलवाल्याला हॉर्न दिला. तिकडे हॉर्न म्हणजे 'बाबा रे, मी येतोय, सांभाळ' असा प्रेमाचा निरोप. इकडे तो शिवीत धरतात, हे त्याला निकाल हातात पडल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेला हॉर्न न देता त्याने एका सायकलवालीच्या शेजारून वीतभर अंतर राखून गाडी काढली. डेपोत यावर पाठ थोपटली असती. इकडे परीक्षकाने डोळे गच्च मिटले आणि उघडले ते नापासाचा शेरा लिहायलाच.

आज शेवटची संधी होती. वृद्धांच्या विरंगुळा केंद्राची व्हॅन चालवायची नोकरी त्याच्यासाठी सोमवारपर्यंत राखून ठेवली होती; केंद्राचं तसं पत्रही त्याने परीक्षेच्या अर्जाला जोडलं होतं. आज गचकला तर सहा महिने परीक्षा नाही, म्हणजे नोकरीही नाही. म्हणजे दिवसभर मुलीच्या घरी खिडकीशी बसायचं आणि संध्याकाळी "कसा गेला दिवस, बाबा?" याला काहीतरी उत्तर शोधायचं. त्या प्रश्नाची त्याला हल्ली खरोखर भीती वाटायची.

"एकच लक्षात ठेवा," मुलगी घाईने म्हणाली. कचेरीतून परीक्षक बाई फाइल घेऊन निघाल्या होत्या. "इकडे सायकलवाला म्हणजे रस्त्याचा जावई. त्याचा मान राखायचा. तो रुसला की आपण संपलो."

परीक्षक बाई शेजारी बसल्या, पट्टा लावला आणि मागे वळून मुलीला म्हणाल्या, "तुम्ही बसू शकता. बोललात, खोकलात किंवा खाणाखुणा केल्यात, तर परीक्षा रद्द." मुलीने तोंडावर हात ठेवला तो ठेवलाच.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग औषधाच्या दुकानाजवळच्या गल्लीतून एक आजोबा सायकलवरून बाहेर आले आणि गाडीच्या पुढ्यात लागले. ताठ पाठ, डोक्यावर टोपी, पुढच्या टोपलीत फुलझाडाची कुंडी. कुंडी हलू नये म्हणून ते अगदी बेताने पायडल मारत होते.

समोरून एकही वाहन येत नव्हतं. शेजारून एक सोडून दोन बस निघाल्या असत्या. पण पायलटच्या मनाने घेतलं की जावयाच्या पुढे जाणं म्हणजे त्याचा अपमान. त्याने वेग कमी केला आणि भलं मोठं अंतर ठेवून आजोबांच्या मागे लागला.

"पुढे उजवीकडे," परीक्षक बाई म्हणाल्या. आजोबाही उजवीकडे वळले.

"आता डावीकडे." आजोबाही डावीकडेच.

आजोबांनी मागे वळून पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. मग त्यांनी कुंडीची पर्वा सोडून जोरजोरात पायडल मारायला सुरुवात केली. जावई रागावलाय असं समजून पायलटनेही, साथ सुटू नये म्हणून, वेग वाढवला.

आरशात मागे चौदा गाड्यांची रांग दिसत होती आणि एकीचाही हॉर्न वाजत नव्हता. एवढी शांतता पायलटने रस्त्यावर आयुष्यात ऐकली नव्हती. तिकडे एव्हाना चौदाही ड्रायव्हर त्याचं घराणं उद्धरून मोकळे झाले असते आणि त्याला जरा बरं वाटलं असतं.

अखेर आजोबा थांबले. पायलट थांबला. रांग थांबली. आजोबांनी सायकल उभी केली आणि धापा टाकत खिडकीशी आले.

"काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?"

"काही नाही साहेब. तुम्ही व्हा पुढे."

"तुम्ही व्हा ना! रस्ता मोकळा आहे!"

"छे छे, तुमच्याआधी कसं जाणार?"

"माझ्या घरापर्यंत येणार आहात का?"

"परीक्षा आहे हो माझी," पायलट काकुळतीला येऊन म्हणाला.

आजोबांनी वाकून परीक्षक बाईंकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरची फाइल पाहिली आणि त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी सायकल फुटपाथवर चढवली, टोपी काढली आणि वाट दाखवली. पायलट त्यांच्या शेजारून इतक्या अदबीने गेला की पलीकडच्या कडेला चाक घासता घासता राहिलं. परीक्षक बाई बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.

गाडी कचेरीच्या आवारात परत आली. बाईंनी पेन उचललं.

"सायकलस्वारापासून अंतर, उत्तम. हॉर्न, एकदाही नाही. मात्र अकरा मिनिटं वाहतूक खोळंबली. अतिसभ्यपणासाठी आमच्या फॉर्मात रकानाच नाही. आता याला चूक म्हणायचं की नाही, ते मला ठरवायचंय." पेन कागदावर टेकणार तोच त्या थांबल्या. "तुम्ही तिकडचे ना? पुढच्या महिन्यात मी आणि माझी बहीण तिकडे जातोय. महिनाभर सायकलवरून फिरणार आहोत. तिकडचे ड्रायव्हर सायकलवाल्यांशी कसे वागतात?"

मागे मुलीचा श्वास अडकलेला पायलटला स्पष्ट ऐकू आला. खोटं बोलायला जीभ उचलेना, खरं बोलायला हिंमत होईना. सव्वीस वर्षांत त्याच्या बसच्या धाकाने रस्ता सोडून मातीत उतरलेले सगळे सायकलवाले त्याला आठवले. दूधवाले, पोस्टमन, शाळेतल्या मुली. त्यांतल्या कुणाला त्याने नीट पाहिलंही नव्हतं. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"मॅडम, तुम्ही बिनधास्त जा," तो खाली मान घालून म्हणाला. "तिथला सगळ्यात वाईट ड्रायव्हर आता इकडे राहायला आलाय."

परीक्षक बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग फॉर्मवर सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"सोमवारी व्हॅन घेऊन निघाल," त्या म्हणाल्या, "तेव्हा सायकलवाल्यांच्या पुढे गेलात तरी चालेल."