दंतोजी हत्तीच्या चेनसॉ

बाळांनो, एका जंगलात दंतोजी नावाचा हत्ती राहत होता. त्याला चेनसॉ जमवायचा नाद होता. चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर घरघरणारी साखळीची करवत. हत्तीला करवत कशाला, असं विचारू नका. त्याच्या बायकोने, मालनने, विचारून पाहिलं होतं.

"शेतीला लागते," दंतोजी म्हणाला होता.

शेती म्हणजे केळीची बाग. केळ तर नुसत्या सोंडेने उपटते. तरी छपरीत लाल, निळ्या, नारिंगी चेनसॉ टांगलेल्या असत. बहुतेक उघडलेल्या. एकीचा प्लग दुसरीत, दुसरीचा फिल्टर तिसरीत.

एकदा वावटळीत ऐनाचं भलंमोठं झाड पडलं, ते नेमकं पाण्याच्या पाटात. पाणी अडलं. खालच्या अंगाला साळिंदराचा रताळ्यांचा मळा होता. तिथले वेल माना टाकू लागले.

"अहो, जरा डोकं लावा, झाड बाजूला होईल," मालन म्हणाली.

"डोकंच लावतोय," दंतोजी म्हणाला, आणि पाटाकाठी एका चेनसॉचा कार्बोरेटर खोलून बसला.

बातमी ऐकून अस्वल आलं. त्यालाही हाच नाद. ऑइल कुठलं चांगलं यावर दोघांच्या गप्पा रंगल्या. असं झाड अधूनमधून पडावं, असं दंतोजीच्या मनात येऊन गेलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

तेवढ्यात साळिंदर रडकुंडीला येऊन म्हणालं, "दंतोजीदादा, मळा वाळला तर माझी लेकरं काय खातील?"

"हे काय, झालंच!" दंतोजीने घाईघाईने दोरी ओढली. आणि काय सांगू, चेनसॉ चक्क सुरू झाली! अस्वलाने टाळ्या पिटल्या. दंतोजीने ती झाडावर टेकवली. धूर निघाला. भुसा काही निघेना.

साखळी उलटी बसली होती.

"मी म्हणजे अगदीच हत्ती आहे," असं पुटपुटत तो चेनसॉ उचलून पाना शोधायला घरी गेला. सल्ला द्यायला अस्वलही मागोमाग गेलं.

मालनने इकडेतिकडे पाहिलं. कपाळ टेकवून एक रेटा दिला. झाड गडगडत काठावर गेलं. पाट खळखळला. साळिंदर पाण्याच्या मागे मळ्याकडे धावत सुटलं.

साखळी सुलटी करून दंतोजी झोकात परतला. पाहतो तो पाट वाहतोय. साळिंदराचा मळा वाचला म्हणून त्याला बरं वाटलं. पण कान मात्र खाली पडले.

मालनला ते बघवेना. तिने झाड ओढत नेऊन अंगणात टाकलं.

"घ्या. कापा."

दिवस मावळेपर्यंत दंतोजीने चकत्या पाडल्या. सगळ्या वाकड्या. मग घाम पुसत म्हणाला, "बघितलंस? करवत नसती, तर एवढं झाड हललं असतं का?"

"छे हो!" मालन म्हणाली, आणि चकत्या गोळा करू लागली.

तात्पर्य: मुलांनो, अडचणीच्या वेळी यंत्र फार उपयोगी पडतं. ते दुरुस्त करायला नवरा आत गेला, की बाकीच्यांना काम उरकता येतं.