चणकरावांचं भाषण आणि छाव्याचा पहिला नंबर

मुलांनो, नाकातलं बोट काढा आणि ऐका. एका जंगलात चणकराव नावाचा पोपट राहत होता. पोपट असूनही तो स्वतःचंच बोलायचा. त्यामुळे सगळ्यांना त्याची काळजी वाटे.

एकदा तो भरसभेत म्हणाला, "सिंह आपल्याला खातो, कारण आपण रांगेत उभे राहतो." सिंहाने त्याला तिथेच खाल्लं. रांगेची गरज पडली नाही. भाषण मात्र पहिल्याच वाक्यावर राहिलं.

लिहून ठेवलेल्या भाषणाच्या सगळ्या प्रती जाळायचा हुकूम निघाला. एकच वाचली, ती त्याचा लेखनिक कूर्माजी कासव याच्या कवचाखाली. जंगलाने हे भाषण एकदा पुरतं ऐकावं, मग मी मरायला मोकळा, असं तो म्हणे. कासवच तो, त्याला घाई नव्हती.

प्रत भिजू नये म्हणून त्याने ती बकदास बगळ्याच्या मठात जपून ठेवायला दिली. मठात भूर्जपत्रांची टंचाई होती. बकदासाने भाषण खरवडलं आणि वर माशांच्या कल्याणाची स्तोत्रं लिहिली. कूर्माजी ढसाढसा रडला.

पण गंमत पाहा. जंगलातले चांगले ग्रंथ वाचून वाचून फाटले, उरले ते वाळवीने खाल्ले. बगळ्याची पोथी मात्र कापडात बांधून पाटावर ठेवलेली. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहत. उघडत कुणीच नसे, म्हणून ती टिकली.

शंभर वर्षांनी कापड बदलायला ती सोडली, तर वरची शाई उडालेली आणि खालून चणकरावांची अक्षरं वर आलेली. म्हाताऱ्या कूर्माजीने ती भरसभेत वाचली. समोर सिंहाचा पणतू बसला होता. आता एक तर उठाव होईल, नाही तर आपला फराळ, असं कूर्माजीला वाटलं.

"भाषा फार गोड आहे," सिंह म्हणाला. "शाळेत लावा."

लगेच चणकरावांचा पुतळा उभारला गेला. तो दिसायचा कसा, हे कुणाला आठवेना. माकड मूर्तिकाराने सवयीने त्याला आयाळ दिली. पुतळ्याखाली वक्तृत्व स्पर्धा भरली आणि सिंहाच्या छाव्याने पहिला नंबर पटकावला. परीक्षक शेळी होती. भाषणातलं 'उठा, शेळ्यांनो' म्हणताना छाव्याचा गळा काय दाटून आला, असं ती सगळ्यांना सांगत होती.

कूर्माजीने तिला बाजूला घेतलं. "बाई, अर्थ कळला का?"

"अर्थाला गुण नसतात, आजोबा," शेळी म्हणाली. "आणि मला आत बोलावलंय. विजेत्याला भूक लागली आहे."

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याला खुशाल खावं, पण त्याचं भाषण जपून ठेवावं. पुढे आपल्याच मुलांना बक्षिसं मिळतात.