भोंग्यातली शर्यत

गुरुवारी सकाळी भारत ज्वारीच्या रानात गेला, तेव्हा बांधावरच्या काठीला दोऱ्याने टांगलेली एक गोल, चकचकीत वस्तू त्याच्या दृष्टीस पडली. वाऱ्याने ती गरगर फिरत होती आणि तिच्या झळाळीने पाखरे दूर राहत होती. भारताने जवळ जाऊन ती हातात धरली. ती त्याची शर्यतीच्या गेमची डिस्क होती.

"आये! ही कावून टांगली इथं?"

विमलबाई पलीकडे गवत कापत होत्या. त्यांनी विळा न थांबवता उत्तर दिले, "कपाटात पडून काय करायलती? इथं निदान पाखरं तरी हाकती."

त्या डिस्कचे मोल विमलबाईंना ठाऊक नव्हते. बावीस वर्षांपूर्वी भारत आणि त्याचा मित्र प्रविण यांनी बीडच्या बाजारातून टीव्हीला जोडायचे एक जुने यंत्र आणि ही एकुलती एक डिस्क मिळून विकत घेतली होती. पुढे प्रविण नोकरीसाठी पुण्यास गेला, त्या वेळी दोघांनी भावाभावांत व्हावी तशी रीतसर वाटणी केली. यंत्र प्रविणकडे, डिस्क भारताकडे. हेतू असा, की एकाला दुसऱ्यावाचून खेळताच येऊ नये. त्यानंतर लग्ने झाली, संसार झाले, परंतु खेळ काही झाला नाही. आणि आता येत्या रविवारी प्रविण मुद्दाम त्यासाठीच येणार होता. "यंत्र कवाच मेलं," तो फोनवर म्हणाला होता, "पण लॅपटॉपवर चालायची सोय केलीय मी. तू फक्त तुझी डिस्क सांभाळली असशील तर बघ." भारताने मोठ्या अभिमानाने "म्हंजे काय!" असे उत्तर दिले होते.

डिस्कवर ओरखड्यांचे जाळे पसरले होते. भारताने ती रुमालात गुंडाळली आणि मोटारसायकल थेट चौसाळ्याला, सूरजच्या ऑनलाइन केंद्रावर नेली. पीकविमा, सातबारा आणि परीक्षांचे अर्ज यांच्या गर्दीत सूरजने डिस्क उजेडाकडे धरली.

"भारतमामा, ही एकदा वाचंल, दुसऱ्यांदा न्हाई वाचायची. पेनड्राइव्ह द्या, सगळी उतरवून घेतो."

घरात पेनड्राइव्ह एकच होता. पाखरे हाकण्यासाठी रानात जो बॅटरीचा भोंगा लावलेला असे, त्याचा. त्यात बंदुकीचे बार आणि कुत्र्यांचे भुंकणे भरलेले होते. लागलाच तर हाताशी असावा म्हणून भारताने तो निघतानाच भोंग्यातून उपसून आणला होता. सूरजने कुत्री आणि बंदुका पुसल्या आणि दोन तासांच्या खटपटीनंतर पंधरा फायली त्यात भरल्या.

"ही पहिली मोठी फाईल म्हंजे गेम. ह्या तेरा म्हंजे शर्यतीची गाणी, एकेक वेगळी. अन् ही बारकी म्हंजे यादी, कोणत्या शर्यतीला कोणतं गाणं वाजवायचं त्याची. एक ध्यानात ठेवा मामा, यादी नावावरून शोधते. एकाचं बी नाव बदललं तर समदं बोंबललं."

"न्हाई बदलत, बाबा."

डिस्क यंत्रातून बाहेर आली, तेव्हा तिचा चंदेरी पापुद्रा निघून सूरजच्या बोटांना चिकटला होता. आता जे काही होते, ते त्या पेनड्राइव्हमध्येच होते. भारताने तो घरी नेऊन कपाटात कपड्यांखाली ठेवला.

शनिवारी तो टीव्हीची वायर आणण्यासाठी बीडला गेला. पत्नी माहेरी गेलेली, घरी विमलबाई एकट्या. इकडे डिस्क गेली, भोंगाही मुका झाला, त्यामुळे पाखरांचे थवेच्या थवे कणसांवर उतरले. विमलबाईंनी घर धुंडाळले, कपाटात भोंग्याचा पेनड्राइव्ह त्यांना सापडला आणि त्यांनी तो भोंग्याला लावला. भोंगा वाजू लागला. तथापि त्यातून ना बंदूक निघाली, ना कुत्रे. निघाली ती झिंगाट वाजंत्री. पाखरे क्षणभर उडाली, पुन्हा बसली आणि निवांतपणे दाणे टिपू लागली. विमलबाईंनी भारताला फोन लावला.

"आरं, भोंगा गाणी म्हणायलाय! पाखरं वऱ्हाडासारखी बसून ऐकायलीत!"

भर रस्त्यात भारत ओरडला. "आये, काढ ते! अन् त्यातलं एक बी नाव बदलू नको. नाव बदललं तर समदं वाया जाईल!"

"मी कशाला नावं बदलू? मला काय नावं ठिवायचा धंदा हाय?"

विमलबाईंनी पेनड्राइव्ह काढला. मुलाचा शब्द त्यांना मोडायचा नव्हता; पण ज्वारीही मोडू द्यायची नव्हती. त्या जीपमध्ये बसून चौसाळ्याला गेल्या. सूरज तहसीलला गेला होता, दुकानात त्याची बायको संस्कृती होती.

"पोरी, ह्यातली गाणी काढ अन् पाखरं हाकायचा आवाज भर."

"मावशी, बंदुकीचा आवाज न्हाई माझ्याकडं. तुमीच वरडा, मी मोबाईलवर घेते."

विमलबाईंनी पदर खोचला. "हाऽऽऽ! उठा! उठा म्हणते ना! किती वेळ बसायलात? दुसरं काई काम हाय का न्हाई, मेल्यांनो!" अर्ज भरण्यासाठी बाकावर बसलेले तीन पदवीधर एकदम उभे राहिले.

"झकास, मावशी. पहिली फाईल उघडंना, ती अन् ही बारकी ऱ्हाऊ देते. बाकी तेराच्या तेरा ठिकाणी तुमचाच आवाज टाकते."

"पण नावाला हात लावू नको बाई. भारतनं बजावून सांगितलंय."

संस्कृती कामाची चोख होती. तिने तेरा गाण्यांच्या जागी विमलबाई बसवल्या आणि नावे जशीच्या तशी राखली. त्या दुपारी रानात एक पाखरू टिकले नाही. संध्याकाळी विमलबाईंनी पेनड्राइव्ह कपड्यांखाली होता तिथे ठेवून दिला.

रविवारी प्रविण आला, तेव्हा विमलबाई रानात गेल्या होत्या. डोक्यावरचे केस गेलेले, पोट पुढे आलेले, परंतु हसणे तेच. दोघे टीव्हीपुढे चटईवर बसले. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावल्यावर पंधराही नावे जागच्या जागी पाहून भारताचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर दोन मोटारी उभ्या राहिल्या, हिरवा दिवा लागला.

"हाऽऽऽ! उठा! उठा म्हणते ना!"

दोघेही ताडकन उठले. मोटारी कठड्यावर जाऊन आदळल्या.

"किती वेळ बसायलात? दुसरं काई काम हाय का न्हाई, मेल्यांनो!" टीव्ही पुढे म्हणाला.

भारताने दुसरी शर्यत लावली, पाचवी लावली. प्रत्येकीत आईच. सूरजला फोन करून गाण्यांची प्रत उरली आहे का विचारले, तर तो म्हणाला, "गिऱ्हाईकाचं काम झालं की मी पुसून टाकतो, मामा." भारताने फोन खाली ठेवला. त्याने काठी, भोंगा, सगळे खरेखरे सांगून टाकले.

"बावीस वर्षं तुझा माझ्यावर भरवसा होता, प्रविण. मला एक डिस्क सांभाळता आली न्हाई."

प्रविण टीव्हीकडे एकटक पाहत होता. त्याचे खांदे हलू लागले. भारताला वाटले, मित्र रडतो आहे.

"बे भारत्या," हसू आवरत प्रविण म्हणाला, "आपल्याला ती गाणी कवा ऐकू आलती? गाणं सुरू झालं की मागनं तुझी आई, मावशी, वरडायला सुरू व्हायची. मला तर एक बी गाणं पुरं म्हणता येत न्हाई. हे बघ, आता कुठं अस्सल वाटायलंय!"

भारताने डोळे पुसले आणि कंट्रोलर हाती घेतला. पहिल्या शर्यतीत दोघे दचकले, तिसरीत थोडेसे दचकले, सातवीपर्यंत त्या आवाजाचे भयच उरले नाही. "उठा!" असे म्हटले की दोघेही अधिक जोमाने मोटार हाकू लागले.

अकराव्या शर्यतीत भारत पुढे होता. "हाऽऽऽ! उठा!" आवाज आला. कुणी हलले नाही.

"उठा म्हणते ना! पाखरांनी अर्धं रान खाल्लं!"

"हे नवीन हाय," पडद्यावरून नजर न काढता प्रविण म्हणाला. "पुढच्या शर्यतीत बदलत असंल."

"लई भारी केलंय संस्कृतीनं," भारत म्हणाला.

इतक्यात दाराकडून त्या दोघांच्या मधोमध, चटईवर, ज्वारीच्या रानातले एक ओले ढेकूळ येऊन फुटले.