वसंतरावांचा लाल ठिपका

“झाकणवाला घे, वसंता,” भैयाजी त्या आठवड्यात सहाव्यांदा म्हणाले.

“काहून? तो नळाच्या तुकड्यासारखा दिसते. पिस्तुलावर नळ बसवू का मी?”

महाल भागातल्या भैयाजींच्या दुकानात कॅरमबोर्ड, बॅडमिंटनची फुलं आणि छऱ्यांची पिस्तुलं एकाच कपाटात नांदत. त्या कपाटासमोरचं स्टूल वसंतराव भोयरांनी दोन महिने अडवून ठेवलं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सक्करदऱ्याच्या नेमबाजी क्लबात नाव घातलं होतं. पण चौसष्टाव्या वर्षी डोळे ऐकत नव्हते. पिस्तुलाच्या टोकावरची लोखंडी खूण दिसली की समोरचा कागद धूसर व्हायचा, आणि कागद दिसला की खूण नाहीशी व्हायची. दसऱ्याला क्लबात ज्येष्ठांची स्पर्धा असे. तिच्यात ते सलग तीन वर्षं शेवटचे आले होते आणि चौथ्या वर्षी शेवटचं यायची त्यांची तयारी नव्हती.

यावर भैयाजींनीच इलाज सांगितला होता, रेड डॉटचा. पिस्तुलावर एक छोटी काच बसवायची, बटण दाबलं की तिच्यात लाल ठिपका उमटतो. तो ठिपका कागदावर ठेवायचा आणि घोडा दाबायचा. ज्येष्ठांच्या स्पर्धेत असली मदत चालत होती.

इलाज सोपा होता, पण वसंतरावांना सोपं काही पचत नसे. ठिपका बारीक हवा की ठसठशीत, काच गोल हवी की चौकोनी, यावर त्यांनी इतके व्हिडिओ पाहिले की घरात भाजी चिरतानाही ते गोपिकाबाईंना ठिपक्याची मापं सांगू लागले. भैयाजींनी एकेक डबी उघडून दाखवली, प्रत्येक डबीत वसंतरावांनी खोट काढली. भैयाजी चौथीपासूनचे मित्र, म्हणून हे सगळं खपून गेलं. शेवटी दोनच उरले. एक नळीतला, दोन्ही बाजूंनी झाकणं असलेला. दुसरा उघडा, नुसती चौकटीतली काच. वसंतरावांनी दिसायला देखणा म्हणून उघडा घेतला.

“मंग घरी सांभाळून ठेव, गा. उघड्या काचेले तेल, धूर, हात, समदं लागते.”

“माझ्या घरी माझ्या वस्तूले कोण हात लावते?” वसंतराव म्हणाले.

आठ दिवस सराव फार चांगला झाला. मग खंडेनवमी आली. गोपिकाबाईंनी सकाळी विचारलं, “अहो, पिस्तूल पूजेत मांडू का जी?” वसंतराव मोबाइलमध्ये व्हिडिओ पाहत होते. त्यांनी मान न उचलता “मांड” म्हटलं आणि विसरून गेले.

दसऱ्याच्या सकाळी क्लबात चाळीसेक माणसं जमली होती. गोपिकाबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. वसंतरावांचा नंबर आला, त्यांनी हात लांब केला आणि त्यांना धन्य वाटलं. काचेत ठिपका होता. लाल, ठसठशीत आणि अगदी मधोमध. सरावात कधी इतका स्थिर दिसला नव्हता. त्यांनी तो कागदावर ठेवला आणि घोडा दाबला.

दहा छरे झाले. वसंतरावांच्या कागदावर तीन छिद्रं होती, तीही कोपऱ्यात. शेजारी क्लबाचे सेक्रेटरी सुमंत उभे होते. त्यांनी मारले होते दहा आणि कागदावर छिद्रं निघाली सोळा. एका छऱ्याचा पत्ता लागला नाही.

“वसंतराव, तुम्ही माझ्याकडून खेळून राहिले काय?” सुमंत म्हणाले आणि सगळा क्लब हसला.

वसंतराव हसले नाहीत. त्यांनी ती काच पिस्तुलावरून उपटल्यासारखी काढली आणि मागे उभ्या असलेल्या भैयाजींच्या तळहातावर आपटली.

“हा माल देते का तू लोकाइले? दोन महिने फिरवलं मले आन् शेवटी हे गळ्यात मारलं! चौथीपासून ओळखतो म्हणून येतो, नाहीतर तुझ्या दुकानात कोण पाय ठेवते बे?”

चाळीस माना तिकडे वळल्या. भैयाजींनी काचेकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. मूठ मिटली आणि शांतपणे म्हणाले, “खराब निघाला असन, गा. ठेवून घेतो मी.”

ते तसेच बाहेर गेले. वसंतराव त्या वर्षीही शेवटचेच आले.

संध्याकाळी गोपिकाबाईंनी आपट्याची पानं ताटात ठेवली. दर दसऱ्याला पहिलं सोनं भैयाजींना जायचं.

“निघायचं ना महालात?”

“त्याचं नाव काढू नको.”

पूजेचं लाल कापड झटकता झटकता गोपिकाबाई म्हणाल्या, “यंदा एवढं मन लावून केलं होतं जी मी. मिक्सरले कुंकू लावलं, शिलाई मशीनले लावलं, स्कूटरले लावलं. तुमचं पिस्तूल सारं काळं, त्याच्यावर कुंकू दिसेच ना. मंग काचेवर लावलं. बरोब्बर मधात.”

वसंतराव खुर्चीवर बसले होते, तरी त्यांना आणखी खाली बसावंसं वाटलं. ठिपका दिसत होता, म्हणून त्यांनी बटण दाबलंच नव्हतं. चाळीस माणसांसमोर ते कुंकवाने नेम धरत होते. आणि काचेत पाहून पहिल्या रांगेकडे वळलेली भैयाजींची नजर त्यांना आता कळली.

“काय झालं जी? असे काय पाहता?”

“काही नाही. सोनं दे. मी एकटाच जाऊन येतो.”

दुकान अर्धं बंद होतं. आत देवाच्या फोटोसमोर ती काच ठेवली होती, शेजारी झेंडूचं फूल. कुंकू जसंच्या तसं होतं.

“पुसलं नाही तू?”

“पूजेचं हाय. पुसू कसा?”

वसंतरावांनी सोनं पुढे केलं. “तुले तिथंच समजलं होतं. बोलला काहून नाही?”

“बोललो असतो तर तू माझ्यावरून वहिनीवर गेला असता. चाळीस लोकाइसमोर. मी तुले चौथीपासून ओळखतो ना बे.”

हे खरं होतं आणि खरं असल्यामुळेच वसंतरावांना ते सोसवेना. मित्राला बोललो याचं वाईट वाटत होतंच. पण आपल्या बायकोला आपल्यापासून वाचवायची पाळी मित्रावर यावी, याची त्यांना जास्त लाज वाटली.

“झाकण काचेले नाही, माझ्या तोंडाले पाहिजे होतं,” ते म्हणाले.

“ते माझ्या दुकानात येत नाही,” भैयाजी म्हणाले आणि सोनं घेतलं.

घरी गोपिकाबाईंनी विचारलं, “काय निघालं मंग?”

“मीच बटण दाबायचं विसरलो,” वसंतराव म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि ‘मीच’ हा शब्द त्या घरात असा पहिल्यांदा उच्चारला गेला. दोन दिवसांत त्यांच्या नंदनवन वस्तीत जो भेटेल तो ‘बटण दाबलं का?’ विचारू लागला. वसंतराव ऐकून घेत. क्लबातल्या लोकांना ते एकेकट्याला गाठून भैयाजींचा माल चांगला असल्याचं सांगत. पण भांडण ऐकायला चाळीस जण थांबले होते, माफी ऐकायला कुणाला सवड नव्हती. दोघं-तिघं भैयाजींच्या दुकानात पुन्हा गेलेच नाहीत. वसंतरावांना अजून ते लागून राहिलं आहे.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला ते स्वतः पूजेपाशी बसले. गोपिकाबाईंनी मिक्सरला, मशीनला कुंकू लावलं. पिस्तुलावर भैयाजींकडून परत आणलेली काच होती. बोट तिच्यावरून पुढे गेलं आणि तिळाएवढा टिळा बटणावर लागला.

वसंतरावांनी विचारलं, “काचेले नाही लावत यंदा?”

“नको,” मान न उचलता गोपिकाबाई म्हणाल्या. “भैयाजींले पुन्हा कायले बोलणं खाऊ घालता?”