गंधमुक्तीला जाणारे नाना

नाना पेपरात सगळ्यात आधी कोण गेलं ते बघतात. क्रिकेट नाही, राजकारण नाही, सोन्याचा भाव नाही. लाल पेन घेऊन निधनवार्तांवर खुणा करतात आणि चहा यायच्या आत ओरडतात, "साक्रीकडे एक आहे, रविवारी! गाडीत पेट्रोल शे का?" नव्या माणसाला शंका येते, म्हातारा वेडा आहे की काय. मी बारा वर्षं बघतेय, माझी खात्री आहे.

धुळ्याला देवपुरात आमची संशोधन संस्था आहे. संस्था म्हणजे तीन खोल्या, चार माणसं आणि पाणी तपासायचं एक यंत्र. गावोगावच्या विहिरींचं पाणी किती खाली गेलं, त्यात काय काय उतरलं हे आम्ही मोजतो, आणि जे निघेल ते छापून त्या गावाला वाटतो. संस्था सरकारची नाही, कॉलेजची नाही, नफ्याची तर नाहीच नाही. नाना तिचे संस्थापक, संचालक आणि रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणारे. मी केमिस्ट. शिवाय स्कूटर माझी असल्यामुळे नानांची ड्रायव्हर.

मग हे सगळं चालतं कशावर? येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो, आणि नाना छाती काढून सांगतात, "पैसा बठ्ठास्ना चाले, हुकूम एकना बी नही!"

पैसा सगळ्यांचा चालतो, हुकूम एकाचाही नाही: ऐकायला छान आहे हो. सरकारी प्रकल्प कधीमधी मिळतो, पण त्याचे पैसे आपण तो प्रकल्प विसरल्यावर येतात. तपासणीच्या फीमध्ये नमुन्याच्या बाटल्या निघतात, बस. एकदा एका खताच्या कंपनीचा साहेब आला. वर्षाचा सगळा खर्च आम्ही उचलतो म्हणाला. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "फक्त अहवाल छापायच्या आधी आम्हाला दाखवत जा," साहेब म्हणाला. नानांनी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. "साहेब, निघा, तुमची बस चुकेल." साहेब स्वतःच्या गाडीने आला होता.

त्या दिवशी नानांनी नियमच केला. एका दात्याकडून वर्षाच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही. एकाचंच जास्त झालं की तो मालक होतो. म्हणजे दाते भरपूर हवेत, आणि ते एका जागी सापडायला हवेत. म्हणून गंधमुक्ती. आमच्या खानदेशात माणूस गेल्यावर दहा-बारा दिवसांनी मांडव पडतो, सोयरे जमतात, पुढारी श्रद्धांजली वाहतात आणि घरचे लोक गेलेल्याच्या नावाने शाळेला, मंदिराला देणगी जाहीर करतात. "विहिरींनी काय घोडं मारलंय?" असं नानांचं म्हणणं. तेव्हापासून त्यांच्या एका खिशात पांढरी टोपी आणि दुसऱ्या खिशात पावतीपुस्तक असतं.

त्यात माणसाला दम म्हणून नाही. स्कूटरवर मागे बसून पाय हलवतात, गाडी डुलते. सिग्नल लागला की उतरून चालायला लागतात आणि पुढच्या चौकात माझ्यावरच डाफरतात, "कुठे राहिली होतीस?"

गेल्या फाल्गुनात आमचं यंत्र बंद पडलं. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, पाणी सगळ्यात खराब तेव्हाच असतं, आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे यंत्र नाही! नानांना झोप येईना, आम्हाला नाना झोपू देईनात. तेवढ्यात जळगावचा एक मोठा व्यापारी कबूल झाला. त्याचे वडील, आबा, पंच्याऐंशी वर्षांचे होऊन गेले होते, गंधमुक्ती साक्रीजवळच्या मूळ गावी होती. दहावा हिस्सा पुरता देतो, अट काही नाही, फक्त अकरा वाजता नाव पुकारलं की व्यासपीठावर या, म्हणाला. त्या पैशात यंत्राची दुरुस्ती होणार होती.

गावात शिरताच पहिला मांडव दिसला आणि नानांनी चालत्या गाडीवरून उडी मारली. मी गाडी लावून पोचते तो नाना उभं राहून बोलतही होते. "आबांच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही!" मी बघितलं. ताडपत्रीचा मांडव, जेमतेम पंचवीस माणसं. हार घातलेल्या फोटोतला माणूस पन्नाशीचासुद्धा नव्हता. मी नानांचा सदरा ओढला. "नाना, चुकलं! आपला मांडव मागच्या गल्लीत आहे!"

नानांनी फोटोकडे बघितलं आणि गप्प झाले. समोर बसलेली त्या माणसाची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "बोला ना भाऊ, आखो बोला. त्यास्नाबद्दल कोनीच काही बोलनं नही."

तेवढ्यात मागच्या गल्लीतून कर्णा वाजला. "पाणी संशोधन संस्थेचे नाना आले असतील तर त्यांनी व्यासपीठाकडे यावे."

"नाना, चला!" मी म्हटलं.

नाना त्या बाईसमोर खाली बसले. "अक्का, माले माहीत नही. तुम्ही सांगा, त्यास्ले काय आवडे?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "नदीमा म्हशी धुवाले. गाणं म्हनेत." जरा थांबून म्हणाली, "आनि भांडाले बी!" मांडवात पहिल्यांदा हसू फुटलं. नाना उठून तेच सगळं पुन्हा मोठ्याने, सावकाश सांगायला लागले. कर्ण्यावर दुसऱ्यांदा नाव पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. चौथ्या वेळी ती देणगी मंदिराच्या कमानीला जाहीर झाली आणि मला तिथंच रडू आलं. लोकांना वाटलं, मी नात्यातली आहे. निघताना त्या बाईने पायलीभर दादर ज्वारी दिली. नानांनी तिचीही पावती फाडली.

परतताना मी तोंड सोडलं. "उन्हाळा गेला! विहिरी गेल्या! ज्याचं नावही माहीत नव्हतं त्या माणसासाठी!" नाना चक्क ऐकून घेत होते. कुसुंब्याच्या पुढे हळूच म्हणाले, "तुझी काकू गेली, तेव्हा गंधमुक्तीला दोन पुढारी बोलले. मी कुठे होतो?"

काकू म्हणजे नानांची बायको; मला तो दिवस आठवत होता.

"मागे बसून पावत्या फाडत होतो. इतकी माणसं परत एका जागी कुठे मिळतील म्हटलं." गाडीचं डुलणं थांबलं. "तिले काय आवडे, असं कोणी आज विचारलं ना, तर माले सांगताच नही येतं."

मी गाडी हळू केली. "पाळणा," मी म्हटलं.

"काय?"

"जत्रेतला मोठा पाळणा. एकवीरेच्या जत्रेत आम्ही दोघी बसलो होतो. काकूंनी तीनदा तिकीट काढलं. म्हणाल्या, नानांना सांगू नको, पैसे उडवले म्हणतील."

नाना मागून पुढे वाकले.

"घाबरली नाही?"

"छे! वर गेल्या की हसायच्या."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

पांझरा नदीचा पूल येईपर्यंत नाना थोड्या थोड्या वेळाने विचारत राहिले, "खरंच मोठ्यानं?" आणि मी दर वेळी हो म्हणत राहिले.