पिवळ्या पट्टीचं सामान

बॅग कशी भरावी हे जगात दोनच माणसांना कळतं, असं टेपराव म्हणायचा, आणि दुसरा माणूस त्याला अजून सापडलेला नव्हता. वीस वर्षं तो इव्हेंटच्या धंद्यात होता. आज सिमेंटवाल्यांचा मेळावा, परवा विमा एजंटांचा सत्कार. कुठेही गेला तरी दोन दिवसांसाठीच. दोन काळे शर्ट, एक काळी पँट, कारण स्टेजमागच्या माणसाने दिसायचं नसतं. बुटांत मोजे, मोज्यांत चार्जर. घरातून निघायला त्याला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात इतरांचं दाढीचं सामानही सापडत नाही.

"कोणाचीही बॅग दाखवा," तो ऑफिसात छाती काढून सांगायचा. "माणूस किती दिवसांसाठी निघालाय ते मी आत बघून सांगतो."

आणि सांगायचाही. एकदा ऑफिसातल्या अकाउंटंटची बॅग बघून, "तुम्ही लग्नाला नाही, दुसरीकडे मुलाखतीला चाललाय," असं तो थेट साहेबांसमोर म्हणाला. अकाउंटंट अजून त्याच्याशी बोलत नाही.

टेपराव हे नाव त्याला हमालांच्या मुकादमाने दिलं होतं. टेम्पोत चढणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्याने रंगीत चिकटपट्टी ठरवून दिली होती. लाल म्हणजे स्टेज, निळी म्हणजे साउंड आणि पिवळी म्हणजे टेपरावचं स्वतःचं सामान. नियम एकच. पट्टी दिसली की उचलायचं, प्रश्न विचारायचा नाही. मुकादम हा नियम इतक्या निष्ठेने पाळायचा की त्याला प्रश्न विचारायची सवयच राहिली नव्हती.

घरी टेपराव आणि त्याचे वडील, असे दोघेच. टेपरावचं लग्न राहूनच गेलं. मुलगी बघायला जायचं ठरलं की नेमकं कुठेतरी कोणाचं तरी संमेलन निघायचं. सहा वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून पोस्टातून निवृत्त झालेले नाना त्या तीन खोल्यांत दिवसभर एकटे असायचे. घरातलं काही मोडलं की टेपराव दुरुस्त करायचा, म्हणजे पिवळी पट्टी गुंडाळायचा, कारण धंद्यात उरलेली पट्टी तेवढीच घरी यायची. टीव्हीचा रिमोट, मिक्सरचं झाकण, स्टुलाचा पाय, भिंतीवरचं घड्याळ, बादलीची कडी, छत्रीची मूठ. नानांच्या जुन्या सुटकेसची मूठ तर सगळी पट्टीचीच होती. नाना एकदा म्हणाले होते, "मीही कुठे मोडलो तर असाच चिकटव." टेपराव तेव्हा बॅग भरत होता. तो नुसता हसला.

तर झालं असं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या डीलरांचं संमेलन होतं, बसने चार तासांवर. हॉल आधी बघायचा म्हणून टेपराव पहाटेच्या बसने रिकाम्या हातांनी निघाला. बॅगेला पिवळी पट्टी लावून ती त्याने दाराशी ठेवली होती. मुकादम दहा वाजता टेम्पो घेऊन येणार आणि ती नेणार. नानाही दुसऱ्या दिवशी दुपारी ताईकडे जाणार होते. ताई म्हणजे टेपरावची मोठी बहीण, ती स्वतः गाडी घेऊन न्यायला येणार होती. "चार दिवस जाऊन येतो," असं नाना म्हणाले होते. त्यांचीही सुटकेस भरून दाराशीच ठेवलेली होती.

दहा वाजता नाना केस कापायला गेले होते. शेजारच्या काकूंकडे किल्ली असायची, त्यांनी मुकादमाला दार उघडून दिलं. मुकादमाने बॅग उचलली. शेजारी सुटकेस दिसली, तिला पिवळी पट्टी. तीही उचलली. मग त्याने मान वर केली, तर भिंतीवर घड्याळ आणि त्यालाही पट्टी. काकू परोपकारी. त्या आतून म्हणाल्या, "अहो, ही बादली राहिली की तुमची."

नाना डोकं हलकं करून घरी आले तेव्हा घरही हलकं झालं होतं.

नानांचा फोन लागेपर्यंत दुपार टळली होती. टेपराव तेव्हा हॉलमध्ये शिडीवर होता.

"माझी सुटकेस कुठे आहे?" नानांनी विचारलं.

"दाराशीच असेल."

"दाराशी काहीच नाही. घड्याळपण नाही, म्हणून किती वाजले तेही सांगता येत नाही."

टेपराव शिडीवरून उतरला तो थेट टेम्पोकडे धावला. टेम्पो रिकामा. मुकादम सावलीत विडी ओढत बसला होता.

"पिवळं सामान कुठे आहे?"

"तुमची रूम मिळाली नव्हती. मग स्टेजच्या कडेला ठेवलं सगळं."

"अरे, स्टूल आणि बादली कशाला आणलीस? विचारायचं तरी."

"विचारायचं नाही असं तुम्हीच म्हणालात," मुकादम शांतपणे म्हणाला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

तो स्टेजवर पोचेपर्यंत उशीर झाला होता. संमेलनाचं घोषवाक्य होतं 'घराघरांत पाणी'. डेकोरेशनवाल्याला कडेला स्टूल, बादली, छत्री, मिक्सरचं झाकण आणि घड्याळ दिसलं. टेपराव काहीतरी डोकं लढवतोय, असं त्याला वाटलं. त्याने स्टेजच्या मधोमध एक घर मांडलं. मागे घड्याळ टांगलं, स्टुलावर बादली आणि पुढे नानांची सुटकेस. कंपनीचे डायरेक्टर नेमके तेव्हाच हॉलमध्ये शिरले आणि थबकले.

"वा," ते म्हणाले. "साध्या माणसाचं घर. ती चिकटपट्टी तर बघा. किती खरं आहे."

"सर, हे चुकून आलंय," टेपराव म्हणाला.

"अशा चुका करत जा." डायरेक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ही सुटकेस इथे का आहे ते सांगतो. माणूस पाण्यावाचून गाव सोडून गेला होता. आता घरात पाणी आलं म्हणून परत आला. निवेदक ती उघडेल, कपडे काढेल आणि म्हणेल, मी कायमचा आलो."

गिऱ्हाइकापुढे शहाणपण चालत नाही. टेपरावने नानांना फोन करून सांगितलं की सुटकेस परवा आणतो, चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, ताईला दोन दिवस थांबायला सांगा. मग नाना म्हणाले, "बरं."

संध्याकाळी तालीम झाली. निवेदक हा देखणा आणि रिकाम्या डोक्याचा गृहस्थ होता. तो सुटकेसपुढे गुडघ्यांवर बसला, तिची कडी काढली आणि एकेक वस्तू वर उचलून दाखवू लागला. आधी स्वेटर निघाला, मग दुसरा स्वेटर. टेपराव दोरीला गाठ मारता मारता थांबला. बाहेर उन्हाचा कहर होता. चार दिवसांसाठी दोन स्वेटर कोण नेतं? मग उशी निघाली. चार दिवसांना माणूस स्वतःची उशी नेत नाही. मग औषधांच्या चिठ्ठ्यांची फाईल, पेन्शनची कागदपत्रं, चष्म्याची जुनी घरं, घरात घालायच्या चपला. सगळ्यात खाली टॉवेलमध्ये गुंडाळलेला आईचा फोटो होता. निवेदकाने तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि खड्या आवाजात म्हणाला, "मी कायमचा आलो."

टेपरावला बॅगा वाचता येत होत्या. ही त्याने दुरूनच वाचली. नाना चार दिवसांसाठी निघाले नव्हते. त्यांना आता परत यायचंच नव्हतं.

विंगेत जाऊन त्याने ताईला फोन लावला.

"तुला माहीत नाही?" ताई म्हणाली. "मला नाना म्हणाले, त्याला सांगितलंय."

"मला चार दिवस म्हणाले."

"सांगायला तीनदा बसले होते म्हणे. तिन्ही वेळा तू बॅग भरत होतास."

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम तुफान झाला. निवेदकाने फोटो उंच धरला तेव्हा साडेतीनशे डीलरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एक जाडजूड डीलर तर हमसून हमसून रडला आणि त्याने तिथल्या तिथे ऐंशी पंपांची ऑर्डर दिली. टेपराव विंगेत काळ्या कपड्यांत उभा होता. तोही रडला, पण स्टेजमागच्या माणसाने दिसायचं नसतं, त्यामुळे ते कोणी बघितलं नाही. डायरेक्टर धावत आले. याच आठवड्यात दुसरीकडे संमेलन आहे, हेच सगळं तिथे हवं आणि ही सुटकेस तर हवीच, असं त्यांनी सांगून टाकलं.

"सुटकेस मिळणार नाही, सर," टेपराव म्हणाला. वीस वर्षांत गिऱ्हाइकाला त्याने दिलेला हा पहिला नकार. तो मुकादमालाही ऐकू गेला आणि त्याने विडी विझवली.

परतीच्या बसमध्ये टेपराव सुटकेस मांडीवर घेऊन बसला. आत सगळं त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा घडी करून ठेवलं होतं. फोटो दोन स्वेटरांच्या मधे. चार तास तो एकच वाक्य घोकत होता, आणि ते घोकण्याइतकं मोठंही नव्हतं.

घरात नाना टीव्हीसमोर बसले होते. रिमोट नसल्याने दोन दिवस एकच चॅनल चालू होता, आणि त्यावर एक बाई गाद्या विकत होत्या. त्यांच्या गादीवर झोपल्यास कंबर कशी राहते, हे नानांना एव्हाना पाठ झालं असावं. ताईला त्यांनी खरंच थांबवून ठेवलं होतं.

टेपरावने सुटकेस खाली ठेवली. "नाना, जाऊ नका."

नानांनी उठून टीव्ही बटणावरून बंद केला. "ताई बोलली?"

"सुटकेस बोलली."

"मी सांगणार होतो."

"तीनदा. कळलं मला." टेपराव म्हणाला. "चुकलं माझं, नाना. मला तुम्ही इथे हवे आहात. जाऊ नका."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. नवे कापलेले केस त्यांना शोभत नव्हते, कान उगाच मोठे दिसत होते. मग ते म्हणाले, "बरं. राहतो."

इतकं सोपं असेल असं टेपरावला वाटलंच नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला आणि तो तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला. नानाही समोर बसले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं राहिलंय, ते एकदा उरकून टाकू, असं ते म्हणाले. उरकू, असं हाही म्हणाला.

"तू किती दिवस आहेस?" नानांनी सहज विचारलं.

टेपरावने तोंड उघडलं. थाप मारायची तर आत्ताच मारायला हवी होती, पण बापापुढे ती जमेना.

"परवा सकाळी निघायचंय," तो म्हणाला. "दोनच दिवसांसाठी."

नाना रागावले नाहीत. त्यांनी बसल्या बसल्या हात लांब केला आणि सुटकेस स्वतःकडे ओढून घेतली.

"मग मीही परवा सकाळीच निघतो," ते म्हणाले. "बरोबरच उतरू. जिन्यावरून तेवढी ही खाली नेऊन दे."

पुढचे दोन दिवस त्या घरात दोघेही पाहुण्यांसारखे वागले. कोणी आवाज चढवला नाही, कोणी टॉवेल गादीवर टाकला नाही. सकाळी एकाने विचारावं, चहा टाकू का, आणि दुसऱ्याने म्हणावं, तुम्हाला त्रास होणार नसेल तर.