कठड्याबाबत लुक इन्टू

सुधारलेल्या समाजात तक्रार ही दूर करायची नसते, तिला उत्तर द्यायचे असते, हे आता सर्वमान्य झाले आहे. दूर केलेली तक्रार एका माणसाला सुखी करते आणि विसरली जाते. नीट उत्तर दिलेली तक्रार मात्र वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यावर एक अख्खे कार्यालय जगते.

इमारत देखभाल मंडळाला हे जरा उशिराच उमगले. पूर्वी तिथल्या तक्रार खिडकीवर नुसते 'बघतो' म्हणत. या शब्दात मोठा दोष असा, की ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळे. मग लोक खिडकीच्या फळीवर हात आपटत. (फळी तुटल्याचीही तक्रार होती. तीही बघत होते.) शेवटी नव्या साहेबांनी 'बघतो'वर बंदी घातली आणि त्याच्या जागी 'लुक इन्टू' हे इंग्रजी क्रियापद आणले. "वी आर लुकिंग इन्टू इट" म्हटले की माणूस आपल्या गळक्या नळाला एवढा मान मिळालेला पाहून ओशाळतो आणि थँक्यू म्हणून निघून जातो.

पण तोच माणूस काही दिवसांनी तोच नळ घेऊन परत येतो. त्याला पुन्हा तेच वाक्य ऐकवणे असभ्यपणाचे झाले असते. म्हणून मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी लुक इन्टू आणि त्याच्या समानार्थी शब्दांचा वर्ग काढला. वर्ग मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत भरे आणि शिकवायला बाहेरून एक इंग्रजीचे सर येत. कोणता शब्द कुठे वापरावा, हे त्यांनी फार सुंदर समजावले. पहिल्या खेपेला लुक इन्टू. दुसऱ्या खेपेला एक्झामिन. तिसऱ्या खेपेला रिव्ह्यू, म्हणजे जे एकदाही पाहिलेले नाही ते पुन्हा पाहणे. आरडाओरडा करणाऱ्याला इन्व्हेस्टिगेट (यामुळे आपणच काही गुन्हा केला की काय, असे वाटून तो खाली बसतो). रडणाऱ्या बाईला गो इन्टू, तेही हळू आवाजात. आणि ज्याचे काम या जन्मी होणार नाही हे ठरलेले आहे, त्याला एक्सप्लोर. दहापैकी नऊ तक्रारदार एक्सप्लोरनंतर परत येत नाहीत. (दहावा इंग्रजीचा शिक्षक असतो.)

या वर्गात सगळ्यात मन लावून बसे ती तक्रार खिडकीवरची खिडकीताई. तिचे खरे नाव पगाराच्या दिवसाखेरीज कोणी घेत नसे. ती हंगामी होती. वर्गाच्या शेवटची परीक्षा पास झाली तर कायम होणार होती आणि कायम झाली तर मंडळाच्या खर्चाने तिच्या बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन होणार होते. तिला दुसरे काही नको होते.

बाबा निवृत्त शिंपी. बापलेक मंडळाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. रोज संध्याकाळी बाबा जिन्याचा कठडा धरून खाली उतरत आणि फाटकाजवळच्या बाकावर एका निवृत्त न्हाव्याशी भांडत. आयुष्यभरात एकाने जास्त कपडे बिघडवले की दुसऱ्याने जास्त डोकी, हा त्यांचा वाद होता आणि तो मिटू नये याची दोघेही काळजी घेत. पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याचा बोल्ट ढिला झाला. बाबा शिस्तीचे. घरातले ऑफिसात आणि ऑफिसातले घरात आणायचे नाही, म्हणून ते मुलीला घरी चकार शब्द बोलले नाहीत. शेजाऱ्याच्या खांद्याला धरून खाली उतरले आणि रीतसर खिडकीच्या रांगेत उभे राहिले. पहिल्या खेपेला त्यांना लुक इन्टू मिळाले.

दुसऱ्यांदा ते आले तो दिवस नेमका परीक्षेचा होता. परीक्षा खिडकीवरच, खऱ्या माणसांवर होती. सर तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले होते.

"अगं, कठडा पुरता सुटलाय," बाबा म्हणाले. "काल हात ठेवला तर माझ्याबरोबर खाली यायला निघाला!"

"वी आर एक्झामिनिंग इट, बाबा."

'बाबा'बद्दल सरांनी अर्धा गुण कापला.

"मागच्या वेळी तू वेगळंच काहीतरी म्हणाली होतीस."

"ते लुक इन्टू होतं. तुमची केस आता पुढे सरकलीये."

"कुठवर?"

"रिव्ह्यूपर्यंत जाईल."

बाबांनी जरा विचार केला. मग खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "एकच बोल्ट आहे गं. येताना पाना घेऊन ये ना कुठून तरी. मी दाखवतो, तू आवळ. पाच मिनिटांचं काम."

सरांचे पेन थांबले. काम करून टाका, असे सुचवणाऱ्याला काय उत्तर द्यावे, हे वर्गात शिकवलेच नव्हते. खिडकीताईच्या अगदी ओठावर 'हो' आले. पण तिच्या डोळ्यांसमोर बाबांचा सुजलेला गुडघा आला आणि तिने स्वतःला सावरले.

"वी विल एक्सप्लोर दॅट पॉसिबिलिटी."

"वा!" सरांच्या तोंडून निघून गेले.

बाबांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. मग म्हणाले, "बरं. थँक्यू हं." आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.

खिडकीताई पहिली आली आणि कायम झाली. ऑपरेशनचा अर्ज वरच्या कार्यालयात गेला. (ते त्यात लुक इन्टू करत आहेत.) बाबांनी खाली उतरणे सोडले. न्हावी काही दिवस फाटकातून हाका मारत राहिला, मग तोही यायचा बंद झाला. त्या जिन्याबद्दल पुढे एकही तक्रार आली नाही आणि एकही अपघात झाला नाही. मंडळाने तो कठडा समाधानकारकरीत्या निकाली निघाल्याचे जाहीर केले आणि साहेबांनी भाषणात त्याचे उदाहरण दिले.

पाना खिडकीताईने परीक्षेच्याच संध्याकाळी विकत घेतला होता. तो तिच्या पर्समध्ये असतो. सकाळी तिला घाई असते आणि संध्याकाळी ती थकलेली असते, त्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीच्या बाजूने चढते. बाबा दार उघडतात.

"आज जमेल का गं?"

"बघते, बाबा." घरी ती जुनाच शब्द वापरते.

वाचकाला या बाईचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. फक्त, हे वाचायला बसण्यापूर्वी आतल्या खोलीतून तुम्हालाही कोणीतरी काहीतरी सांगितले होते आणि तुम्ही मान वर न करताच उत्तर दिले होते. त्यांनी पुन्हा विचारलेले नाही, एवढ्यावरून ते काम झाले असे समजू नका.